घाव आणि नियम : प्रस्तावना

हुतूतूच्या संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठतो. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. बुद्धिबळातलं प्यादं मात्र मेलं की मेलंच. मरणाचे आणि परत उठण्याचे नियम आपल्या खेळांत जुनेच आहेत, पण जखमी होऊन मागे उरणारा गडी त्यांत कुठे भेटत नाही. तो भेटतो मेजाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळांत. या पुस्तकाचा विषय तोच.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात प्रत्येक पात्राला ‘हिट पॉइंट’ असतात. वार बसला की फाशावर पडेल तेवढे वजा. शून्यावर येईपर्यंत पात्र पहिल्याच जोमाने लढतं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तर रात्रभराच्या विश्रांतीने गेलेले सगळे पॉइंट भरून येतात. हिशेब सोपा, खेळ वेगवान आणि धाडस स्वस्त. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ने दुसरी वाट धरली. वार कुठे बसला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं आणि डोकं, छाती, पोट, हात, पाय यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा.

हा फरक तोरणमाळला नेऊन पाहा. सीताखाईच्या कड्याशी एक भिल्ल तिरंदाज आहे. कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. खालून आलेली गोळी उजव्या दंडात घुसते. पहिल्या खेळात सहा पॉइंट जातात आणि पुढचा तीर सुटतो. दुसऱ्यात हात निकामी होतो, कामठा ओढताच येत नाही. मग आडोसा कुठे, साथीदाराला उचलून न्यायचं की मागे ठेवायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. झाडी, कडा, सातपायरी घाटाची वळणं, सगळ्यालाच मोल येतं. १८५८मध्ये आंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल कंपनीच्या फौजेशी लढले. ती झुंज मेजावर मांडायची तर मी दुसराच नियम घेईन. बंदुकीसमोर तीर घेऊन उभं राहण्याची किंमत पहिल्यात दिसतच नाही. दुसऱ्याने चकमक लांबते, तक्ते उलटावे लागतात, ते सोसावं.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी चार मित्र जमवा, एकच चकमक दोन्ही नियमांनी खेळा आणि कोणत्या वारानंतर कोण मागे हटलं, तेवढं वहीत टिपून ठेवा. पुढे त्या नोंदी लागणार आहेत.