कडक गादीची गोष्ट

परवा रात्री अडीचला ढेकर काढायची पाळी माझी होती. लेक सव्वा महिन्याची. खांद्यावर झोपली म्हणून हळूच लाउंजरमध्ये ठेवली आणि मी शेजारी आडवा झालो. वीस मिनिटांनी बायको उठली, तर लेकीची हनुवटी छातीला टेकलेली आणि श्वासाला बारीक घरघर. तिने पटकन उचललं, घरघर थांबली. झालं काहीच नाही. पण उरलेली रात्र मला झोप आली नाही.

लाउंजर म्हणजे ते गुबगुबीत घरटं हो. मधे खोलगट, कडेने लोडासारखी जाड कड. बारशाला ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढून दिलेलं. इतकं मऊ की आपल्यालाच त्यात झोपावंसं वाटावं. मग सर्व्हर पडल्यावर लॉग वाचत बसावं तसा शनिवार-रविवार वाचत बसलो. जे सापडलं ते इथे लिहितोय.

गोष्ट सुरू होते डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यापासून. बाळ कसं वाढवावं यावरचं त्यांचं पुस्तक १९४६ साली आलं आणि अमेरिकेत घराघरात पोचलं. १९५८ च्या आवृत्तीत त्यांनी सल्ला दिला की बाळाला पोटावर झोपवा. कारणं दोन. पाठीवर असताना उलटी झाली तर ती घशात अडकेल, आणि डोकं एका बाजूने चपटं होईल. ऐकायला अगदी पटतं ना? आयांना पटलं, डॉक्टरांना पटलं. तपासून मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

पुढे आकडे जमत गेले. पोटावर झोपणारी बाळं झोपेतच अचानक दगावण्याचं (याला सिड्स म्हणतात) प्रमाण जास्त होतं. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी सगळे जुने अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा कळलं की १९७० पर्यंतच पुरेसा पुरावा हाताशी होता. पण सल्ला बदलायला १९९० चं दशक उजाडलं. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९१ मध्ये मोहीम निघाली. टीव्हीवरच्या निवेदिका ॲन डायमंड यांचा मुलगा त्याच वर्षी असाच गेला होता. त्या मोहिमेत त्या पुढे होत्या. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ पासून 'बॅक टू स्लीप' मोहीम चालली. दहा वर्षांत तिथलं सिड्सचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. उलटी अडकून मरणाऱ्या बाळांची संख्या काही वाढली नाही. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटी तिच्यात सहज उतरत नाही.

त्या संशोधकांचा हिशोब असा की १९७० मध्येच सल्ला बदलला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती. बग माहीत होता, पॅच यायला वीस वर्षं लागली!

मग गोष्ट संपायला हवी होती. पण कडक, सपाट गादीवर बाळं लवकर झोपत नाहीत, आणि आई-बाप थकलेले असतात. तिथे बाजार आला. २००९ मध्ये फिशर-प्राइसचा 'रॉक अँड प्ले' हा उतरता झोपाळा आला. एप्रिल २०१९ मध्ये ४७ लाख झोपाळे परत मागवले गेले. तोवर त्यात ३० हून जास्त बाळं दगावल्याची नोंद होती. सप्टेंबर २०२१ मध्ये बॉपी कंपनीचे ३३ लाख लाउंजर परत मागवले, ८ मृत्यूंनंतर. ते लाउंजर झोपण्यासाठी म्हणून विकलेच जात नव्हते. पण बाळ त्यात झोपणारच, नाही का? २०२२ मध्ये अमेरिकेत उतरत्या झोपाळ्यांवर कायद्याने बंदी आली, आणि २०२४ मध्ये लाउंजरसारख्या उशा किती कडक आणि किती सपाट हव्यात याचे नियम मंजूर झाले.

यामागचं कारण साधं आहे. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान कच्ची. खोलगट जागेत हनुवटी छातीवर आली की श्वासाची वाट चिंबते. तोंड मऊ कडेत रुतलं तर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत जातो. मान फिरवून सुटका करून घ्यायची ताकद अजून आलेली नसते.

म्हणून आमच्याकडे आता नियम असे. लाउंजर फक्त जागेपणी. फक्त जमिनीवर, पलंगावर, सोफ्यावर किंवा पाळण्यात नाही. बाळ पाठीवर, आणि कोणीतरी नजर ठेवून शेजारी. डोळा लागला की उचलून पाळण्यातल्या कडक, सपाट गादीवर. तिथे उशी नाही, लोड नाही, सैल दुपटं नाही. कूस बदलायला लागली की लाउंजर बंद. अजून घ्यायचा असेल तर तळवा दाबून बघा. खड्डा पडून राहिला तर दुकानातच ठेवा. खरं तर नाही घेतला तरी काही अडत नाही.

आईला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. डोकं गोल व्हावं म्हणून तिने राईची उशी शिवून आणली होती. "अरे, तुम्हा दोघांना मी झोळीत आणि याच उशीवर वाढवलं. काय झालं तुम्हाला?"

काही नाही झालं, आई. पण ज्यांना झालं ते सांगायला उरले नाहीत. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने एवढंच म्हणालो, "जागी असताना तिला थोडा वेळ पोटावर ठेवत जाऊ, त्यानेही डोकं गोल होतं. तू बस तिच्याजवळ."

उशी कपाटात गेली. आई दोन तास बोलली नाही. मग चटईवर नातीला पोटावर ठेवून तिच्याशीच बोलत बसली.

असो. अडीचची पाळी आजही माझीच आहे.