मैदानावर कार्यक्रम घ्यायचाय? परवानगी नेमकी कोण देतं?

पोस्टर गावभर फिरलेलं असतं, कलाकाराला आगाऊ रक्कम दिलेली असते आणि आदल्या दिवशी पोलीस ठाण्यातून निरोप येतो: परवानगी नाही. मंडळ म्हणतं, मैदानाच्या भाड्याची पावती तर आमच्याकडे आहे! पण पावती म्हणजे फक्त जागा वापरायला मिळालेली संमती. कार्यक्रम करण्याची परवानगी वेगळी असते आणि ती देणारं कार्यालयही वेगळं असतं.

आधी जागा कोणाची ते बघा

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचंच उदाहरण घ्या. २०२१ पर्यंत इथे ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. त्यामुळे सार्वजनिक बाग किंवा पालिकेच्या मैदानासाठी अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो. पण गावातली सगळी मोकळी मैदानं पालिकेची नसतात. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचं अकलूजचं रिंगण सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर होतं. शाळेच्या मैदानासाठी संमती संस्थेची लागते आणि सरकारी जमीन असेल तर महसूल खात्याची.

विकास आराखड्यात बाग किंवा खेळाचं मैदान म्हणून राखीव असलेली जागा असेल तर आणखी एक मर्यादा येते. नगररचना कायद्याच्या कलम ३७-अ नुसार अशी जागा दुसऱ्या कामासाठी वर्षातून ठरावीक दिवसच देता येते. तारीख रिकामी दिसते म्हणून मैदान मिळेलच असं नाही.

मग पोलीस

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणूक, सभा आणि मिरवणुकांचे नियम होतात. कलम ३७(३) मात्र अनेकांना ऐनवेळी कळतं. सणासुदीला किंवा आंदोलनाच्या काळात जमावबंदीचा आदेश निघतो. शासनाच्या मंजुरीशिवाय तो १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, पण त्या १५ दिवसांत तुमची तारीख आली तर आधी ठरलेला कार्यक्रमही अडतो.

अकलूज लावणी स्पर्धेसाठी ओळखलं जातं, म्हणून हेही सांगायला हवं: लावणी, तमाशा किंवा नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मोठा मंडप असेल तर अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आणि महावितरणची तात्पुरती वीजजोडणीही लागते. शेजारच्या खांबावर आकडा टाकून चालत नाही.

स्पीकर कधी बंद करायचा?

सर्वात जास्त वाद इथेच होतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि उघड्यावर तो रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, मंडळाने ठरवायचे नसतात.

आवाजालाही माप आहे. मैदानाच्या हद्दीवर तो त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तितकाच चालतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे मैदानाच्या कडेला ६५ च्या वर जायचं नाही. भिंतीसारखी रचलेली डीजेची खोकी हे माप सुरू होताच ओलांडतात.

नकार आला तर?

पोलिसांना नियम घालता येतात, पण मनाला येईल तसा नकार देता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलं. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त हा तो खटला. प्रश्न याच पोलीस कायद्याचा होता, कारण तो गुजरातमध्येही लागू होता. रस्त्यावरच्या सभेला परवानगी कोणत्या कारणाने नाकारायची याचे कुठलेच निकष नसलेला नियम न्यायालयाने रद्द केला.

अलीकडचं उदाहरण दादरच्या शिवाजी पार्कचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षाचे ४५ दिवस राखून ठेवले गेले आणि त्यात दसराही आला. २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन्ही गटांनी दसरा मेळाव्यासाठी तेच मैदान मागितलं. ठाकरे गटाचा अर्ज आधी आला होता. जवळपास महिनाभर निर्णयच झाला नाही आणि शेवटी कायदा-सुव्यवस्थेच्या पोलीस अहवालाचा आधार घेऊन महापालिकेने दोघांनाही नकार दिला. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने महापालिकेच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले आणि ठाकरे गटाला २ ते ६ ऑक्टोबर मैदान दिलं, अर्थात अटी घालूनच. शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात झाला.

प्रत्येक मंडळाला हायकोर्टाची पायरी चढणं परवडत नाही, हे खरंच. पण शिवाजी पार्कच्या प्रकरणात कामी आल्या त्या तारीख असलेला अर्ज आणि लेखी नकार या दोनच गोष्टी, आणि त्यांना खर्च लागत नाही. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. फोनवर "नाही" म्हटलं गेलं तर कारणासह लेखी मागा. मैदान दुसऱ्याला दिलं असं सांगितलं, तर त्या तारखेला आलेल्या अर्जांची यादी माहितीच्या अधिकारात मागता येते. फक्त तिचं उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात, म्हणून पुढच्या आठवड्यातल्या कार्यक्रमासाठी तिचा उपयोग नाही. दुसऱ्या वर्षीच्या अर्जाला मात्र ती जोडता येते.