अँटवर्पचे चौगुले आणि रिलेची काठी

सुरतेच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर नवसारी लागते. ते टाटा घराण्याचे मूळ गाव. या घराण्यातील सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना, १९१९ च्या सुमारास, त्यांनी खेड्यांतील तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. युरोपातील वेळांच्या तुलनेत ते फारसे मागे नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. शंभर यार्डांच्या प्राथमिक फेरीस किती वेळ लागतो असे विचारता, एका मान्यवर सभासदाने एक ते दोन मिनिटे असे उत्तर दिल्याची आठवण सांगितली जाते. हिशेब सेकंदांचा असतो, हे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले म्हणे!

हसण्यापूर्वी त्यामागील परिस्थिती ध्यानात घ्यावी. पल्ला गाठणारे पाय आपल्याकडे होते. सेकंदाचे अंश मोजणारी तालीम नव्हती. त्यामुळे १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी टाटांनी पदरमोड करून जो संघ उभा केला, त्यात अल्प पल्ल्याचे धावपटू एकटे बंगालचे पूर्मा बॅनर्जी. रिलेला तर चौघे लागतात, आणि तेही ठरावीक टप्प्यात, वेग न मोडता, काठी हातोहात देणारे. चौघांचा सराव एकत्र झाल्यावाचून ही विद्या येत नाही.

संघाची खरी कमाई बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची. १०,००० मीटरमध्ये त्यांना यश आले नाही. पण २२ ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. त्या वर्षीचा पल्ला ४२.७५ किलोमीटर होता, म्हणजे आजच्याहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. फिनलंडच्या कोलेमायनेन यांनी तो २ तास ३२ मिनिटांत जिंकला. चौगुल्यांना २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले. किलोमीटरमागे चार मिनिटांहून किंचित कमी! परदेशी हवेत, पहिल्याच मोठ्या परीक्षेत मिळवलेली ही वेळ मला पदकाहून फारशी उणी वाटत नाही. त्यांच्या मानाने त्यांचे नाव मात्र आपल्या क्रीडा-इतिहासात फार थोड्या ओळींत आटोपते.

पुढे १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताचे चौघे ४ × १०० मीटर रिलेत धावले : सटन, व्हर्निए, धवन आणि कार. यांतील रिचर्ड कार हे त्याच स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघातील खेळाडू होते.