भरलेल्या पोटाची उणीव

केडगाव म्हटले की पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो उपाशी मुलींना त्यांनी इथे आसरा दिला. तेव्हा प्रश्न पोट भरण्याचा होता. भरल्या पोटीही काय उणे राहते, हे याच पुणे जिल्ह्यात जवळजवळ शंभर वर्षांनी तपासले गेले.

१९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांत चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला शरीराला इन्सुलिन जास्त लागते. बी-१२ दूध, अंडी, मांसात असते, डाळ-भाकरीत नसते.

मेंदूचे काय? बी-१२ फार कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी लक्ष व स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली (२००८). याचा दोष एकट्या इन्सुलिनला देणे आम्हाला घाईचे वाटते. चेतातंतूंच्या आवरणालाही बी-१२ लागतेच. मात्र मेंदूत इन्सुलिनचे ग्राहक असतात, हे १९७८ मध्ये कळले. ते काढून टाकलेले उंदीर उतारवयात भित्रे, उदास वागतात, हे २०१५ मध्ये दिसले.

२०१२ पासून त्याच खेड्यांतल्या, आता मोठ्या झालेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन पाहिले गेले. ज्या मुलींना ते गर्भधारणेआधीपासून मिळाले, त्यांची बाळे दुसऱ्या वर्षी आकलनात व भाषेत सरस ठरली. बाळांची संख्या मात्र लहान होती.