गुणवत्ता मोजली कोणी?

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांना एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो : ती मोजली कोणी, आणि मोजणाऱ्याकडे हिशेब मागता येतो काय? विद्यापीठांतील अध्यापकांच्या निवडीवरून साठ वर्षांहून अधिक काळ खटले चालले आहेत. त्या साऱ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

आरंभ म्हैसूर विद्यापीठाचा. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात इंग्रजीच्या प्रपाठकाची नेमणूक झाली. जाहिरातीत प्रथम किंवा ‘उच्च द्वितीय वर्ग’ मागितला होता. निवडलेल्या उमेदवाराकडे तो नाही, असे म्हणत गोविंदराव नावाच्या दुसऱ्या उमेदवाराने दाद मागितली आणि उच्च न्यायालयाने नेमणूक रद्द केली. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. तज्ज्ञांवर दुष्ट हेतूचा आरोप नसेल, तर शैक्षणिक बाबतीत त्यांच्या मतात न्यायालयाने सहसा हात घालू नये, असा त्याचा आशय. पुढच्या असंख्य निकालांत हाच आधार घेतला गेला.

इंग्रजीचा अध्यापक न्यायाधीशाने निवडू नये, हे मलाही मान्य आहे. पण तज्ज्ञ काही आकाशातून पडत नाही. तोही कोणत्या तरी घरातून, कोणत्या तरी जातीतून येतो. शिवाय दुष्ट हेतू सिद्ध करायचा कशाने? तिरस्कार बहुधा हसतमुखाने खुर्चीत बसलेला असतो. त्याचा कागद होत नाही.

नोव्हेंबर 1980 मध्ये अजय हासिया खटल्याचा निकाल लागला. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशात 150 पैकी 50 गुण मुलाखतीला होते, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती. अशा प्रवेशात मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी होय, असे न्यायालयाने सांगितले. आपल्या कार्यकर्त्यांना हा निकाल पाठ असतो. त्याच्या पाठोपाठ 1981 साली आलेला लीला धर निकाल मात्र आपण विसरतो. राजस्थानच्या न्यायिक सेवेतील मुलाखतीचे 25 टक्के गुण त्यात वैध ठरले. नोकरीसाठी येणाऱ्या प्रौढ उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व घडलेले असते, तेव्हा मुलाखतीचे वजन वाढले तरी चालेल, असा युक्तिवाद.

मधल्या काळात एक विजय नागपुरात मिळाला. 1984 साली नागपूर विद्यापीठाने 77 अध्यापकपदांची जाहिरात दिली. कोणत्या विषयातील कोणते पद राखीव, हे त्यात सांगितलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली ही पद्धत बेकायदा ठरवली. अर्ज कशासाठी करायचा हेच कळले नाही, तर आरक्षण कागदावर राहते. (पुढे 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा एकक मानला, आणि केंद्रीय संस्थांपुरते ते 2019 च्या कायद्याने सावरले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

राखीव पद जाहीर झाले, पण त्यावर माणूस कसा निवडायचा? 2010 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी विद्यापीठातील सहायक प्राध्यापकासाठी शैक्षणिक कामगिरीला 50, विषयज्ञान व अध्यापनकौशल्याला 30 आणि मुलाखतीला 20 टक्के दिले. 2018 च्या विनियमांनी हे गुण फक्त मुलाखतीस बोलावण्यापुरते ठेवले. निवड केवळ मुलाखतीवर. म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रवेशात 15 टक्क्यांवरची मुलाखत मनमानी, आणि त्याला शिकवणाऱ्याच्या निवडीत ती शंभर टक्के!

गुणांचे कोष्टकही आपला सोयरा नव्हे. त्यात पदवीला 80 टक्के असतील तर 15 गुण, 45 ते 55 असतील तर 5. मी रात्री पेट्रोल पंपावर काम करून बी.ए. झालो, 52 टक्के पडले. घरात माझ्याआधी पदवीधर कोणी नव्हते. तरीही कोष्टक भिंतीवर लागते, त्याची बेरीज मला करता येते.

पीएच.डी. आणि शोधनिबंधांच्या बळावर एका विद्यापीठाच्या राखीव पदाच्या यादीत माझे नाव पहिले लागले. मुलाखत चार मिनिटे चालली. गाव विचारले, वडील काय करतात ते विचारले. प्रबंधाविषयी कोणी काही विचारले नाही. निकाल : योग्य उमेदवार आढळला नाही. माहिती अधिकारात अर्ज केला, तेव्हा मुलाखतीच्या रकान्यात एक आकडा मिळाला, त्याचे कारण नाही. तो कागद घेऊन चळवळीतल्या एका वकील मित्राकडे गेलो. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “सर, आधी गोविंदराव वाचून या.”