राखणदाराला लस

तानशाच्या तलावाचे पाणी 1892 साली मुंबईला पोचले. त्या पाण्याच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून, कुत्रा हा शौकाचा प्राणी कधीच नव्हता. गोठा, खळे आणि कोंबड्या राखायच्या, रात्री बिबट्याची चाहूल द्यायची आणि उरल्यासुरल्या भाकरीवर गुजराण करायची, हा त्याचा संसार. असा हा घरचा राखणदार एखाद्या दिवशी पिसाळतो, तेव्हा काठीखेरीज दुसरा उपाय गावाला सुचत नाही.

हाच उपाय सरकारनेही पुष्कळ वर्षे चालविला. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत ठरावीक हंगामात मोकाट कुत्री मारीत. 1832 च्या जून महिन्यात ही मोहीम लांबली, तेव्हा पारशी समाज खवळला. मृतास कुत्रा दाखविण्याचा विधी ज्यांच्या धर्मात आहे, त्यांना ते कसे सोसावे? व्यवहार बंद पडले, दंगा झाला, लष्कर बोलवावे लागले. कुत्री मेली, रोग मात्र राहिला.

रोग तसा जुनाच. सुश्रुताने जलत्रासाचे वर्णन केले आहे, आणि पाण्याला भिऊ लागलेला रोगी वाचत नाही हेही ओळखले आहे. आजही लक्षणे उमटल्यावर वैद्यकाचे हात जवळजवळ रिकामेच असतात. उपाय करायचा तो त्याआधी. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यात आली आणि तो जगला. 1900 साली आपल्याकडे कसौलीस पाश्चर संस्था निघाली. तेथे 1911 साली डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटातल्या चौदा सुयांची धास्ती वडीलधाऱ्यांना अजून आठवते, ती याच लसीची. ती आता बंद झाली आहे. आजच्या सुया दंडात, आणि थोड्या.

येथवर टोचले ते माणसाला. 1921 साली जपानात उमेनो आणि दोई यांनी कुत्र्यांसाठीच लस पुढे आणली. 1950 साली तेथे कुत्र्यांची नोंदणी व लसीकरण कायद्याने सक्तीचे झाले, आणि 1957 नंतर तेथील कुत्र्यांत हा रोग आढळला नाही. लांब कशाला, शेजारच्या गोव्यात दारोदार आणि रस्तोरस्ती फिरून कुत्र्यांना लस दिली गेली. 2021 साली ते राज्य ‘रेबीज-नियंत्रित’ म्हणून जाहीर झाले.

आमच्याकडे घटसर्पाची, फऱ्याची लस गुरांना मिळते. दारातला कुत्रा नुसता पाहत राहतो, कारण तो दूध देत नाही की नांगर ओढत नाही. परंतु पिसाळलेले कुत्रे गाईला चावते, मांजराला चावते, आणि पोरालाही चावते. तेव्हा पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी, पुढे पशुवैद्य सांगेल तशी दरसाल, मांजरालाही तशीच. त्याच खेपेस जंत, गोचीड, खरूज दाखवून घ्यावी. आणि कुत्रे चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व तडक दवाखाना गाठावा. हळद-मिरची भरून भगताची वाट पाहू नये.

राखणदाराला भाकर घातली की आपले देणे फिटले, असे आपण समजत आलो. इतिहासाचा हिशेब निराळा आहे. कुत्री मारून माणसे वाचली नाहीत. कुत्र्यांना टोचले, तेथे वाचली.