जंतू गेला तरी उरणारी खूण

गेल्या शतकात कित्येक दशकं जपानमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जठराचा कर्करोग सर्वांत पुढे होता. खारवलेले मासे आणि मिठात मुरवलेल्या भाज्या हे तिथलं रोजचं खाणं, त्यामुळे संशय मिठावर होता आणि तो निराधार नव्हता. १९५० मध्ये टोकियोतले शल्यविशारद तात्सुरो उजी आणि ऑलिम्पस कंपनीचे अभियंते यांनी पोटात उतरणारा इवलासा कॅमेरा घडवला. १९६०च्या दशकात क्ष-किरण यंत्रं बसवलेल्या बसगाड्या गावोगाव फिरू लागल्या. बेरियमचं पांढरं द्रावण प्यायचं आणि यंत्रापुढे उभं राहायचं. रोग लवकर सापडू लागला, माणसं वाचू लागली. रोगाचं मूळ मात्र हाती लागत नव्हतं.

ते सापडलं ऑस्ट्रेलियात. पर्थच्या रॉबिन वॉरेन यांना जून १९७९ मध्ये जठराच्या सुजलेल्या अस्तरावर वळणदार जंतू दिसले. जठरातल्या आम्लात काही जगूच शकत नाही, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. वॉरेन यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल यांना हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येईना. १९८२च्या ईस्टरच्या सुटीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या, आणि तो उगवला. दोन वर्षांनी मार्शल यांनी स्वतः जंतूंचं द्रावण प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठरदाह दिसला. याच जंतूला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली.

जपानने हा धागा लगेच उचलला. नाओमी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं. संसर्ग असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी मासानोरी हाताकेयामा यांच्या गटाने जंतूची एक चाल उलगडली: तो कॅगए नावाचं प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतो, ते पेशीतल्या एसएचपी-२ या विकराला धरतं आणि पेशीच्या वाढीचे संदेश बिघडतात. पूर्व आशियात आढळणारं कॅगए ही पकड अधिक घट्ट घेतं.

पण या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान तोशिकाझू उशिजिमा यांच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेचं आहे. डीएनएवर जागोजागी मिथाइल गट चिकटतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर ते दाटले, की जनुक गप्प होतं. पोथीतलं एकही अक्षर पुसलेलं नाही, पण पानं एकमेकांना चिकटल्यामुळे ती वाचता येत नाही, तशी ही अवस्था. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिनचं जनुकही असं गप्प होऊ शकतं, आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. संसर्ग झालेल्या जठरात, कर्करोग नसतानाही, ही मिथाइलची खूण कित्येक पटींनी वाढलेली असते, हे या गटाने २००६ मध्ये दाखवलं.

मग ती खूण उमटवतं कोण? २०१० मध्ये याच गटाने जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांना संसर्ग करून प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं. जंतूंची संख्या घटली नाही, पण दाह ओसरला, आणि मिथाइलची खूणही रोखली गेली. म्हणजे जनुकं गप्प करण्यात मुख्य हात वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहाचा होता.

प्रतिजैविकांनी जंतू गेल्यावर खुणा कमी होतात, पण साऱ्या पुसल्या जात नाहीत. म्हणून उपचारानंतरही काही जणांना कर्करोग होतो, आणि जपानमधले डॉक्टर अशा रुग्णांची दुर्बिणीने तपासणी चालू ठेवतात. उपचार जितका लवकर, तितकं नुकसान कमी. जपानच्या आरोग्य विम्यात जंतुनाशाचा उपचार २००० मध्ये पेप्टिक अल्सरसाठी आला आणि २०१३ मध्ये नुसत्या जठरदाहासाठीही खुला झाला. सागा प्रांत त्याही पुढे गेला. तिथे २०१६ पासून माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची या जंतूसाठी तपासणी होऊ लागली.